लेज म्हणजे फळी

३ मार्च, सकाळी १०.१०
अनुवादाच्या आमच्या ऑफिसात एक जागा कायम होणार. उमेदवार दोन. मी, नऊ वर्षं मुरलेला; आणि चष्मिस, पलीकडच्या खिडकीशी बसते ती, आठ महिन्यांची. म्हणजे उमेदवार एकच. आजपासून रोजनिशी. घरी बायको वाचते, म्हणून वही इथेच, माझ्या खिडकीबाहेरच्या सिमेंटच्या फळीवर. कुणाच्या बापाला पत्ता लागायचा नाही.

४ मार्च
साहेबांनी गिर्यारोहणाचं इंग्रजी पुस्तक दिलं. निम्मं मला, निम्मं तिला. ज्याचं काम चांगलं, त्याची जागा. संकल्प: डिक्शनरी उघडायची नाही. ती नवशिक्यांसाठी.

७ मार्च
'वादळात लेजवर बसून मदतीची वाट पाहा.' लेज म्हणजे फळी. शाळेत पाठ केलंय. चष्मिसने न विचारता नाक खुपसलं. म्हणे, इथे लेज म्हणजे कड्यातला टेकण्यापुरता टप्पा. खिडकीबाहेरचा कट्टाही लेज, समुद्रातला खडकही लेज. मी म्हटलं, इतक्या अर्थांत इंग्रज हरवले असते. कुणी हसलं नाही. दीडशहाणी!

८ मार्च
अडचण. डोंगरावर फळी येणार कुठून? तिला विचारू? मेलो तरी नाही.
११.३० सुटलं! सामानाच्या यादीत मीच घातलं: दोर, शिट्टी, टॉर्च, एक फळी. मूळ लेखक विसरला होता, गाढव.

१२ मार्च
साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, फळी किती लांबीची? किती बारकाईने वाचतात! दीड फूट, म्हटलं. ते कपाळाला हात लावून बसले. डोकं दुखत असावं.

१३ मार्च
बायकोला सांगून टाकलं, नोकरी पक्की. तिने लगेच माहेरी फोन केला. मेहुणा म्हणाला, भाऊजी, आधी कागद दाखवा. जळका मेला.

१७ मार्च
जागा चष्मिसला. शुद्ध राजकारण! अभिनंदन केलं नाही, करणारही नाही. मला महिनाअखेरपर्यंत नोकरी सोडायची मुदत. घरी सांगितलेलं नाही. सासूबाई कौतुकाला निघाल्यात.

१८ मार्च, दुपारी
वही फळीवर नव्हती! चष्मिसने आणून दिली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलंय: 'लेज म्हणजे खिडकीबाहेरचा कट्टा. तुमच्या-माझ्या खिडकीला मिळून एकच आहे, सर. वाऱ्याने वही रोज माझ्याकडे सरकते, मी ती परत सरकवते. वहिनींना आजच सांगा.'
शिवाय शुद्धलेखनाच्या अकरा चुका दुरुस्त केल्यात. बारावी तिला दिसलीच नाही. आणि असल्या बाईला कायम केलं!