एका पंगतीत दोन ॲक्सोलॉटल

इंदिरानगर, नाशिक
१४ मे २००६

तीर्थस्वरूप कुसाक्कास धाकट्या भावाचा, यादवचा, नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? डॉक्टरांनी मागावर बसू नका म्हणून बजावलं असेल आणि तू ऐकलं नसशील, याची मला खात्री आहे. (पैठणीचा काठ तुझ्यावाचून अडला तर अडू दे.) चि. स्नेहल तुझ्या दिमतीला येवल्यात आहे, हे उत्तम. आम्ही दोघं ठणठणीत. चांगुणा नमस्कार सांगते.

आता थोडं इकडचं. कॉलेजसाठी आमच्याकडे राहणाऱ्या तुझ्या लेकीने दोन ॲक्सोलॉटल पाळलेत, हे तुला ठाऊक आहेच. मासा म्हणावं तर चार पाय, पाल म्हणावं तर मुक्काम कायम पाण्यात, मानेशी लाल झुपके आणि तोंडावर सदैव हसू. (असा एक श्रोता पहिल्या रांगेत मिळाला तर मी तीन तास बोलेन.) थोरला वीतभर, धाकटा बोटाएवढा. दोघांच्या दोन काचेच्या टाक्या. त्यांना गार पाणी लागतं, म्हणून भारनियमनाच्या वेळा सांभाळून मी रोज बर्फाच्या बाटल्या पाण्यात सोडतो. त्यात एक दिवस चुकलेलो नाही, हे आधी सांगून ठेवतो. येवल्याला निघताना स्नेहलने थोरल्याच्या टाकीवर चिठ्ठी चिकटवली, 'मामा, दोघांना एकत्र सोडायचं नाही.' कारण लिहिलं नव्हतं. आणि कारण न देता कोणी कोणाला वेगळं बसवलं की माझं काय होतं, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

आठव, चुलतभावाच्या लग्नात एक पंगत ओट्यावर मांडली होती आणि एक गोठ्याजवळ. मी बावीस वर्षांचा. भरल्या पानावरून उठलो, मांडवात पाऊण तास बोललो आणि तूही माझ्यामागे उठलीस. (तुझी जिलबी राहिली, ते आजही ऐकवतेस.) तेव्हापासून पंक्तिभेदाविरुद्ध मी गावोगाव बोललो, कपाटभर ग्रंथ वाचले, आणि माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर दोन पंगती? मी चिठ्ठी काढली. धाकट्याला थोरल्याच्या टाकीत सोडलं, मधोमध गांडुळं वाढली आणि रीतीप्रमाणे म्हणालो, सावकाश होऊ द्या.

सावकाश काही झालं नाही. थोरल्याची नजर अधू. तोंडासमोर जे हलेल ते त्याचं जेवण, आणि नेमका धाकट्याचा पुढचा डावा पाय हलला. मी समजावणीचे दोन शब्द बोलेपर्यंत पाय गेला होता. चांगुणाने चहाच्या गाळणीने धाकट्याला उचलून त्याच्या टाकीत ठेवलं. मग मी स्नेहलचं पुस्तक वाचलं. (आधी वाचायला हवं होतं, हे चांगुणाने तीनदा सांगितलं आहे, तू सांगू नकोस.) दोघं मोठे आणि साधारण सारख्या मापाचे होईपर्यंत वेगळेच ठेवायचे, नंतर एकत्र ठेवले तरी प्रत्येकाला वेगळं भरवायचं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. शिवाय या प्राण्याचा तुटलेला पाय पुन्हा उगवतो. हे वाचून मला जोर आला आणि मी चांगुणाला समतेच्या प्रयोगात थोडी झीज सोसावी लागते, असं सांगू लागलो. ती म्हणाली, "अहो, लग्नात पोरांची पंगत आधी बसवतात. मोठ्यांत चेंगरू नयेत म्हणून. त्याला कधी पंक्तिभेद म्हणालात का? आणि झीज कोणी सोसली, तुम्ही की त्याने?" अक्का, तीस वर्षांत एकाही सभेत हा मुद्दा कोणी काढला नव्हता. तत्त्व अर्थातच जिथल्या तिथे आहे. मी फक्त टाक्या दोन ठेवल्या आहेत.

तुझा,
यादव

ता. क. स्नेहलला आणखी महिनाभर तिकडेच ठेवून घे. डोळ्यात खुपतं म्हण, काहीही म्हण. पायाच्या जागी कोंब आलाय, चार बोटं फुटायला वेळ लागेल. दारात आली की ती आधी टाकीपाशी जाते, मग पाणी पिते. पोरीने शेजारच्या मैत्रिणीला सोडून माझ्या भरवशावर जीव ठेवले होते. तिला तीन पाय मोजू द्यायचे नाहीत मला.

ता. क. २. पाकीट चिकटवताना चांगुणाने विचारलं, "वन्संच्या डोळ्याला पट्टी आहे, मग पत्र वाचून कोण दाखवणार?" लिहिलेलं खोडायची मला सवय नाही. तेव्हा स्नेहल, पाय माझ्यामुळे गेला, आणि तो लपवायला निघालो ही त्याहून मोठी चूक. शनिवारच्या एसटीने ये. धाकटा तीन पायांवर चालतो, भरपूर खातो. तुझी चिठ्ठी पुन्हा चिकटवली आहे. खाली कारण मी माझ्या अक्षरात लिहिलंय. अक्का आता हसत असेल. तिला सांग, पट्टी निघेपर्यंत हसायचं नाही.