चार भाषांत सांगून झालं

ती. ताईस,

धाकट्याचा कोपरापासून नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण सध्या खाली वाकलो की वर येताना कोणाला तरी हाक मारावी लागते.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींना कमी ऐकू येतं हे अजून चालूच आहे, की तू बोलणंच कमी केलंस? इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. हे वाक्य पत्रात असावं लागतं म्हणून लिहिलं, त्याच्याकडे फार लक्ष देऊ नकोस. मागचं पत्र तू तांबड्या शाईने तपासून, समासात 'ऱ्हस्वदीर्घाकडे लक्ष द्यावे' असा शेरा मारून परत पाठवलंस. बत्तीस वर्षं शाळेत काढलीस, त्यातली दहा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत, सगळं मान्य. पण हे पत्र तेवढं तपासू नकोस. नुसतं वाच.

कारखान्याच्या गोदामातली माझी नोकरी गेली तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. परकी भाषा शिकतोय असं कळवलं, तर तू लिहिलंस की हे म्हणजे बैल गेला नि झोपा केला, आधी मराठी धड बोलायला शीक. तरी मी शिकलो. एक नाही, चार. खरी नावं लिहीत नाही, कारण आमच्या घरात त्यांना त्या नावांनी कोणी ओळखतच नाही. पहिली खाकरी (बोलताना सारखा घसा साफ करावा लागतो), दुसरी गाणारी, तिसरी अदबीची आणि चौथी भांडकुदळ. खाकरी मी रद्दीत मिळालेल्या पुस्तकावरून शिकलो. ते पुस्तक प्रवासाला निघालेल्या श्रीमंत बायकांसाठी होतं, हे नवव्या धड्यापर्यंत माझ्या ध्यानात आलं नाही. त्यामुळे पहिली दोन वर्षं मी त्या भाषेत फक्त हातमोजे हरवल्याची तक्रार करू शकत होतो, तीही तोऱ्यात. गाणारी शिकवली जहाजावरच्या एका म्हाताऱ्या आचाऱ्याने. हाताखालच्या लोकांवर खेकसण्यापलीकडे त्याने ती कधी वापरलीच नव्हती. आजही मी त्या भाषेत कोणाची प्रेमाने विचारपूस केली, की माणूस दचकून उठतो आणि सोलायला काहीतरी शोधू लागतो. हसू नकोस. अकरा वर्षं मी रोज सकाळी बालवाडीतल्या पोरासारखा चुकत होतो, आणि दाढी मात्र मुकाट्याने पांढरी होत होती.

खरे हाल झाले ते तुझ्या भावजयीचे. धडे सगळे प्रश्नोत्तरांचे. एकट्याने दोन्ही बाजू बोललो की शेजारी गॅलरीतून काळजीने बघत, म्हणून प्रश्न विचारायचं काम हिच्याकडे आलं. मी वहीत देवनागरीत प्रश्न लिहून द्यायचो, ही भाजी निवडता निवडता ते वाचायची आणि मी उत्तर द्यायचो. आपण कोठून आलात, आपल्याला कोठे दुखते, आपल्या घरी कोण कोण असते. चारही भाषांतलं हिला एक अक्षर कळत नाही, पण मी चुकलो की ही तोच प्रश्न पुन्हा विचारी. (कसं कळायचं कोण जाणे. माझ्या चेहऱ्यावरून असेल.)

आता मी इस्पितळात दुभाष्या आहे. बाहेरदेशचे रोगी येतात, डॉक्टर आपल्या भाषेत सांगतात, मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगतो. या धंद्याचा एकच मोठा नियम. जो बोलेल त्याचं बोलणं 'मी' म्हणूनच सांगायचं. 'यांच्या छातीत दुखतंय' असं नाही, 'माझ्या छातीत दुखतंय'. दिवसभर असं बोललं की सवय घरापर्यंत येते. संध्याकाळी चपला काढताना मी म्हणतो, आज मला जुळी झाली. हीसुद्धा आमटी ढवळत विचारते, दोन्ही सुखरूप ना? एका आठवड्यात मला तीन मुतखडे, एक पाय मोडलेला आणि दोन वेळा दिवस गेले होते. ही प्रत्येकाची चौकशी करते आणि वाढायला घेते.

तर ताई, नऊ दिवसांपूर्वीची गोष्ट. पोटाच्या डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. पोटाची तक्रार जुनीच होती, जाता येता तिथेच तपासण्या करून घेतल्या होत्या. त्या खोलीत टेबलापुढे दोन खुर्च्या असतात, समोरची रोग्याची आणि बाजूची माझी. मी सवयीने माझ्या खुर्चीत बसलो. डॉक्टर म्हणाले, तुमच्या आतड्यात गाठ आहे, चांगली नाही, ऑपरेशन लगेच करावं लागेल. आणि मी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून हे सगळं खाकरीत सांगितलं. एकही चूक न करता. हातमोजेवाल्या बाईंचा तोराही नव्हता त्यात. डॉक्टरांनी चष्मा काढून हातात धरला. खुर्चीतून प्रश्न येईना, तेव्हा रोगी जे नेहमी विचारतात ते मीच विचारलं. केवढी आहे, पसरली आहे का, मी वाचेन का. त्यांनी उत्तरं दिली (पहिल्या प्रश्नाला, लिंबाएवढी; पुढच्या दोन्हींना, उघडल्याशिवाय सांगता येत नाही), ती मी खुर्चीला सांगितली, खुर्चीला धीर दिला आणि बाहेर आलो. जिन्याच्या चौथ्या पायरीवर मला कळलं की खुर्चीत कोणी नव्हतं. मग तिथेच बसलो. येणारे-जाणारे बाजूने जात होते. ताई, मला फार भीती वाटते आहे.

हिला सांगायला हवं. रोज सकाळी न्हाणीघरात दाढी करताना तयारी करतो. खाकरीत फार छान सांगता येतं. गाणारीत थोडं दरडावल्यासारखं होतं, पण स्पष्ट. अदबीचीत तर मी स्वतःच्या आजारपणाबद्दल तीन वेळा क्षमा मागतो. भांडकुदळीत रडायला येतं, का ते माहीत नाही. मोठ्याने म्हणतो, कारण हिला कळायची भीती नाही. मराठीवर आलो की जीभ उचलत नाही. मंगळवारी मात्र हिय्या केला. जेवताना म्हणालो, मला आतड्यात गाठ झाली आहे, ऑपरेशन करायचं आहे. ही म्हणाली, अरेरे, वय काय हो? मी म्हणालो, त्रेपन्न. म्हणजे तुमच्याएवढाच, ही म्हणाली. बायको आहे? आहे. तिला सांगितलं का? मी म्हणालो, अजून नाही. मग हिने मला ताक वाढलं आणि मी ते प्यायलो.

भाऊजींना नमस्कार सांग, जरा मोठ्याने सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. ऑपरेशन चोवीस तारखेला आहे. वीसपर्यंत तू ये आणि हिला तू सांग. नापास मुलांच्या आयांना तू इतकी वर्षं निकाल सांगितलेस, त्यातली एकही तुझ्यासमोर कोसळली नाही. माझ्याच्याने होणार नाही.

ता. क. २. इस्पितळाच्या फॉर्मवर घरच्या माणसाची सही लागते. तो फॉर्म मी खाकरीच्या जुन्या वहीत लपवला आहे. तू सांगून झाल्यावर सहीचंही बघ.

ता. क. ३. हे पत्र हीच टाकणार आहे. काळजी करू नकोस, माझी पत्रं ही वाचत नाही.

.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायचं काम या घरात नेहमी माझंच, म्हणून खाली चार ओळी लिहिते. ह्यांची पत्रं मी आजवर खरंच वाचली नव्हती. अकरा वर्षं प्रश्न मी विचारले आणि उत्तरं रोज कानांवर पडली, तरी मला एक अक्षर येत नाही असं ह्यांना वाटतं. वाटू दे. न्हाणीघरातलं पहिल्या दिवशी खाकरीत अर्धं कळलं, दुसऱ्या दिवशी गाणारीत पूर्ण. ते ओरडूनच सांगतात ना त्यात. मंगळवारी वय विचारलं, बायकोचं विचारलं, ते उगाच नाही विचारलं. वाटलं, पुढचं उत्तर देतील. ते चुकले, म्हणून मी पुन्हा विचारणार होते, पण ह्यांचा चेहरा बघवेना, म्हणून ताक वाढलं.

जुनी वही चाळताना फॉर्म सापडला, सही मी परवाच केली आहे, वहीच्या बाविसाव्या पानात फॉर्म जिथल्या तिथे ठेवला आहे. तुम्ही वीसच्या आत नक्की या, मला एकटीला जमणार नाही. पण मला सांगू नका. ते ह्यांनीच सांगायचं आहे. चार भाषा झाल्या, आता एकच उरली, म्हणून मी रोज सकाळी टॉवेल घेऊन न्हाणीघराच्या दाराशी उभी असते.