निर्दोष पाहिजेत

३ फेब्रुवारी, सकाळी

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. डोकं शांत राहावं म्हणून.

चिरंजीवांवर बलात्काराचा आरोप आहे. खोटा. त्यांच्याच ऑफिसातली मुलगी. वर्षभर दोघं बरोबर हिंडली आणि आता ही तक्रार. चिरंजीव नोकरीतून निलंबित, जामिनावर घरी, दिवसभर खोलीचं दार लावून. तक्रारीची कॉपी वाचायला घेतली, दुसऱ्या पानावर बंद केली. माझी हयात मोटार इन्शुरन्सच्या क्लेम खात्यात गेली. खोटा क्लेम मला वासावरून कळतो, आत काय लिहिलंय ते बघावं लागत नाही.

हिने विचारलं, तुम्ही त्याला विचारलंत का काय झालं ते. म्हटलं, निर्दोष माणसाला असलं विचारणं म्हणजे त्याचा अपमान. गप्प बसली. म्हणजे पटलं.

ठराव: हातावर हात ठेवून बसायचं नाही. अशा बळींची संघटना काढायची. नाव लगेच सुचलं. निर्दोष मंच.

५ फेब्रुवारी

वकिलाकडे. चिरंजीवांनी वकील निवडलाय तोही बाई! चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या.

बाईंनी तासभर कायदा शिकवला. संमती म्हणजे म्हणे स्वखुशीने दिलेली. गप्प राहिली म्हणजे हो असं धरायचं नाही. काल हो होतं म्हणून आज हो असं नाही. आणि दिलेली संमती मध्येच काढूनही घेता येते. मी म्हटलं, हे बरंय! एकदा पॉलिसी घेतली की घेतली. बाई म्हणाल्या, पॉलिसीसुद्धा मध्येच रद्द करता येते ना?

येते. पण मुद्दा तो नव्हता.

चिरंजीव सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते. बाईंच्या बडबडीला कंटाळले असणार.

९ फेब्रुवारी

मंचाची पहिली सभा, आमच्याच डायनिंग टेबलावर. मी अध्यक्ष. शेजारचे निवृत्त हेडमास्तर चिटणीस. हेडमास्तरांची या विषयातली पात्रता एवढीच की आवाज मोठा आहे आणि सून त्यांच्याशी बोलत नाही. पण दगडापेक्षा वीट मऊ.

सत्तावीस तारखेला सभागृह बुक. विषय: खोट्या आरोपांचे बळी बोलतात. स्टेजवर तीन बळी, तीन खुर्च्या. पेपरात जाहिरात दिली: निर्दोष पाहिजेत, मुलाखतीला घरी या. झुंबड उडेल म्हणून हेडमास्तर टोकन नंबर छापू म्हणत होते.

हिने चहा आणून आपटला. बायकांना संघटनाकार्य कळत नाही.

१३ फेब्रुवारी

टोकन लागले नाहीत. पण एक बळी आला! जिम ट्रेनर. वेळेवर आला, खुर्चीत मावत नव्हता. म्हणाला, सर, शंभर टक्के खोटी केस. मी विचारलं, तिने नकार दिला होता का? म्हणाला, दिला होता की, चार-पाच वेळा. पण पोरी पहिल्यांदा नाहीच म्हणतात.

हेडमास्तर छताकडे बघायला लागले. मी त्याला सांगितलं की हे वाक्य स्टेजवर घ्यायचं नाही. बाकी माणूस प्रांजळ आहे. फक्त एडिटिंग लागेल.

१६ फेब्रुवारी

दुसरा बळी. हॉटेलचा मॅनेजर. टाय, फाइल, अत्तर. बोलणं एकदम पॉलिश्ड. म्हणाला, माझ्याविरुद्धच्या पाचही तक्रारी खोट्या आहेत.

पाच.

एकाच गॅरेजकडून एकाच बंपरचे पाच क्लेम आले की आम्ही... पण तो हिशेब इथे लागू नाही. दुर्दैव कधी एकटं येत नाही. निवड केली.

१९ फेब्रुवारी, दुपारी

आज सोनं सापडलं होतं. होतं.

फिजिओथेरपिस्ट आहे. चाळिशीचा, बारीक आवाजाचा. कोर्टाने निर्दोष सोडलेला, आरोप खोटा होता असं निकालात स्वच्छ लिहिलेलं. तरी तुरुंगात राहून आला. बायको गेली, दवाखाना गेला. अजून अनोळखी माणसाशी हात मिळवताना कचरतो. सगळं ऐकून माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, वा! तुम्ही मधल्या खुर्चीत.

त्याने विचारलं, बाजूला कोण? सांगितलं. मग त्यांच्या केसेस विचारल्या. त्याही सांगितल्या. कप खाली ठेवून उठलाच. म्हणाला, माझी केस खोटी आहे हे एका पोलीस अधिकारी बाईंनीच शोधून काढलं. त्यांनी तक्रार करणाऱ्या बाईलाही नीट विचारलं आणि मलाही नीट विचारलं. या दोघांच्या शेजारी बसलो तर माझंसुद्धा लोकांना खोटंच वाटेल. खऱ्याखुऱ्या माणसांचं तुम्ही नुकसान करताय, साहेब.

दारात चपला घालता घालता विचारलं, तुमचा मुलगा काय म्हणतो? म्हटलं, निर्दोष आहे. तो म्हणाला, ते तुम्ही म्हणता. तो काय म्हणतो?

उद्धट. चार महिने आत राहून आला तरी वागण्याची रीत शिकला नाही. मंचाला कृतघ्न माणसांची गरज नाही.

२० फेब्रुवारी

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिसरा बळी घरातच आहे.

चिरंजीवांच्या दारावर टकटक करून बाहेरूनच सांगितलं, तू स्टेजवर बसायचंस, पाच मिनिटं बोलायचंस, भाषण मी लिहून देतो. आतून काही आवाज नाही. अर्थात तयार आहे. नाही म्हणायचं असतं तर म्हणाला असता.

त्याचा ऑफिसच्या आयकार्डवरचा फोटो मोठा करून बॅनर छापायला टाकला. सगळ्या चौकांत लागणार.

२३ फेब्रुवारी

बॅनर लागले. फोटो झकास. खाली ठळक अक्षरांत: हा गुन्हेगार दिसतो का?

ही दळण आणायला गेली होती. पीठ न घेताच परत आली आणि तडक त्याच्या खोलीत. तासभर दोघं कुजबुजत होते. मी आत गेलो की गप्प. मी बाहेर आलो की परत सुरू. या घरात एवढी धावपळ मी करतोय आणि बोलणी मात्र माझ्यामागे चालतात. वाईट वाटलं. लिहून ठेवतो.

२५ फेब्रुवारी, रात्री

चिरंजीव स्वतःहून जेवायला टेबलावर आले. बऱ्याच दिवसांनी. मी भाषणाचा कागद पुढे सरकवला. त्यांनी तो उलटा करून ठेवला.

म्हणाले, बॅनर काढा. म्हटलं, आता कच खायची नाही. म्हणाले, बाबा, ती खरं बोलतेय. ती नको म्हणाली होती. पहिल्यांदा वाटलं, मनवता येईल. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हाही मला ऐकू आलं होतं. स्वच्छ ऐकू आलं होतं. उद्या कोर्टात तसंच सांगणार आहे.

मी विचारलं, हे तुला कुणी पढवलं, त्या वकीलबाईंनी? म्हणाले, कुणी नाही. त्यांनी उलट शिक्षा किती होईल ते सांगून पुन्हा विचार करायला लावलं. आईला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिने विचारलं होतं.

मी हिच्याकडे बघितलं. ती ताटाकडे बघत होती.

मी म्हटलं, अरे पण वर्षभर तर हिंडत होतात. तिने त्या दिवशी घरात तरी का घेतलं? आणि नंतर इतके दिवस थांबली कशाला? आणि ओरडली का नाही? तो म्हणाला, बाबा, पुरे. मी आणखी बराच वेळ बोललो.

मग तो उठून गेला. जेवण तसंच राहिलं. मीही जेवलो नाही, हेही नोंदवून ठेवतो.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी

मला कुणी बरोबर बोलावलं नाही. मायलेक सकाळीच रिक्षाने गेले. मी इस्त्रीचा शर्ट घालून मागून गेलो. ऐन वेळी पोरगं भानावर येईल अशी खात्री होती. कधी तरी माझं ऐकेलच ना.

आत शिरायला उशीर झाला. मागे उभा राहिलो. चिरंजीव तीन-चार वाक्यं बोलले. आवाज लहानपणी धडा म्हणून दाखवायचा तसा. न्यायाधीशांनी पुन्हा पुन्हा विचारलं, समजून-उमजून बोलताय ना, कुणाचा दबाव नाही ना? तो हो म्हणाला. हिने पदर तोंडावर धरला होता. पोलिसाने त्याचा दंड धरला, तेव्हा मी बाहेर आलो.

कॉरिडॉरमध्ये एक बाक होतं. त्यावर माझ्याच वयाचा एक गृहस्थ, मांडीवर पिशवी आणि पाण्याची बाटली. मला बघून सरकला. म्हणाला, बसा, बसा, चेहरा उतरलाय तुमचा. स्वतःची बाटली पुढे केली. मी घटाघट प्यायलो.

म्हणाला, सवय नसते हो आपल्यासारख्यांना कोर्टाची. आमचं आज आटपलं. माझी मुलगी आहे. पोराने कबूल केलं एकदाचं. तेवढी तरी लाज निघाली त्याच्यात. पण त्याच्या बापाने चौकाचौकांत बॅनर लावलेत. पोरगी गेले तीन दिवस घराबाहेर पडली नाही. तुम्ही जाणते दिसता, तुम्हीच सांगा, कसला माणूस असेल तो?

मी म्हटलं, मी ओळखत नाही त्याला.

तेवढ्यात ती सही करून बाहेर आली. वर्षभर आमच्याकडे यायची, मला काका म्हणायची. आमच्या टेबलावर बसून हिला मटार सोलू लागायची. मला बघून जागच्या जागी थांबली. मी नजर खाली घातली. आता सांगणार, असं वाटलं.

तिने बापाला काही सांगितलं नाही. चला बाबा, एवढंच म्हणाली. त्याने बाटली उचलली, हलवून बघितली, थोडं पाणी उरलं होतं म्हणून माझ्याजवळच ठेवली, आणि मला नमस्कार करून तिच्या मागे गेला.