हार्लन मालकाचं बक्षीस

आईला सीफसचा नमस्कार. गुडघा कसा आहे?

मला शिकागोच्या जत्रेत काम मिळालंय, तेही बसून. कापडाच्या भोकातून डोकं बाहेर काढून हसत राहायचं. गोरे लोक नेम धरून चेंडू मारतात. म्हणतात, "काळ्यांची कवटी जाड, लागत नाही!" मी चुकवतो, काळजी नको.

काल तुझ्या दुधावर वाढलेला हार्लन मालक आला. ओरडला, "अरे, हा तर आमच्या दाईचा पोरगा!" आपलं माणूस भेटलं म्हणून मी नीट बघायला गेलो, अन् चुकवायचं राहिलं. आता भाकरी दुधात भिजवून खातो.

त्याला बक्षिसात सुंदर किटली मिळाली. तो ती तुझ्यासाठी आणतोय. हसून घे.

तुझा सीफस