अक्षता झाडायची मशीन

अण्णा, मी एक मशीन विकत घेतली, आणि ती घेताना दुकानात जे केलं ते तुम्ही बघायला पाहिजे होतं. झाडायची मशीन आहे. व्हॅक्यूम क्लीनर म्हणतात. फडा धूळ पुढं ढकलतो, ही नळीतून आत ओढून घेते. तुमच्या हयातीत आपण ती कधी पाहिली नव्हती. तुम्ही धडधाकट होतात तेव्हा मी तुमच्या हाताखाली लोकांच्या लग्नात पुऱ्या लाटत होते. आता लग्न लागून पाहुणे पांगले की मी मागचं आवरते. आचाऱ्याची लेक भट्टीपासून उठली आणि हॉलमध्ये आली, एवढाच फरक. परभणीत दोन मंगल कार्यालयं आहेत माझ्याकडं, एक डोळ्यांचा दवाखाना आणि एक बँक. आम्ही तिघी आहोत. आमच्यात नावानं कुणी हाक मारत नाही, माहेरच्या गावानं मारतो. वयानं सगळ्यात मोठी ती बोरीची, सगळ्यात लहान ती पूर्णेची, आणि मी, अर्थात, ताडकळसची. तुमचं गाव अजून माझ्या पुढं चालतंय बघा.

जिंतूर रोडच्या कार्यालयाच्या मालकानं वरच्या मजल्यावरचा हॉल एसी करून घेतला आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत लाल गालिचा टाकला. लिफ्टसाठी जागा ठेवली आहे, पण तिच्यात सध्या मोडक्या खुर्च्या राहतात. हॉल दिसायला राजवाडा झाला आणि आमची झोप उडाली. कारण अक्षता. सांडलेलं वरण पुसता येतं, फुलं वेचता येतात, पण रंगवलेला तांदूळ गालिच्याच्या केसांत शिरून बसला की फडा मारावा तसा आणखी खोल जातो. खेड्याकडची मंडळी तर ज्वारी रंगवून आणतात. मंगलाष्टकं म्हणताना माणसं मूठ भरभरून टाकतात, त्यांना काय, आशीर्वाद द्यायचा असतो. आम्ही गुडघ्यावर बसून ते आशीर्वाद एकेक करून वेचत होतो. वरून फड्यानं उडालेली धूळ एसीत जायला लागली. एक दिवस मालक जिन्यातच थांबले. म्हणाले, "ताडकळसच्या बाई, असं न्हाई जमायचं. मशीन आना. नांदेडचे मशीनवाले रोज फोन करायलेत. मला तुमालाच ठेवायचंय, पर लगीनसराई तोंडावर आलीय. सकाळी लग्न, संध्याकाळी रिसेप्शन, मधात दुपार तेवढी तुमची."

पूर्णेची खूश झाली. बोरीची मात्र त्या दिवसापासून गप्प. तिचं बोलणं बंद होणं म्हणजे भोंगा बंद पडण्यासारखं आहे. दवाखान्याचा व्हरांडा पुसताना मी विचारलं तर म्हणाली, "मशीन आली की तुला जवान बाई लागंल. मला घरी बसवताल. बसवा. सांगून बसवा फक्त, हळूच नका बसवू." मी हसण्यावारी नेलं, पण रात्रभर ते वाक्य कानात राहिलं. तिच्या घरी शेळ्या आहेत, नवरा आहे, सून आहे. उपाशी मरणार नव्हती ती. पण सकाळी डबा बांधून बाहेर पडणाऱ्या बाईला घरी बसवणं म्हणजे काय असतं हे मला तुमच्यामुळं माहीत होतं. कमरेनं दगा दिल्यावर तुम्ही बाजेवर बसलात आणि पडल्यापडल्या आईला फोडणी शिकवायला लागलात. सगळी गल्ली हसायची. तुम्हीसुद्धा हसायचात, पण लग्नाची वाजंत्री ऐकू आली की तोंड भिंतीकडं करायचात.

मालकांनी ओळखीतून एक मशीन वापरून बघायला आणून दिली. पिंपाएवढा स्टीलचा डबा, खाली चाकं, डोक्यावर मोटार. चालू केली तर हॉल दणाणला. ओढ अशी की गालिच्याचं टोक नळीला चिकटून वर आलं. बोरीची ओरडली, "अवं माय! ही झाडायली का गालिचा खायली?" इतक्या दिवसांनी तिचा आवाज फुटला म्हणून मला बरं वाटलं. अक्षता निघाल्या, खोटं कशाला बोलू. मालक तर त्या डब्याच्या प्रेमात पडले. "मोठी मशीन दिसली म्हंजे गिऱ्हाइकालाबी वाटतंय, हितं काम होतंय." पण ती खाली आणायची वेळ आली. चाकांना जिना उतरता येत नाही. वरमाईला चक्कर आल्यावर बायका जशा चहूकडून धरून आणतात तशी आम्ही तिघींनी ती आणली. पूर्णेची म्हणाली, "मी एकटी आनते की उद्या, काय होतंय." आणि तिनं खरंच ती उचलून दाखवली, मान ताठ, गळ्याच्या शिरा फुगलेल्या.

तिला तसं उभं बघितलं आणि मला ताडकळसजवळचा तो मळा आठवला. चर खणून पेटवलेलं चुलांगण, त्यावर रांगेनं बगुणी. मी दहा-अकरा वर्षांची आहे. पंगत बसली आहे, वाढपी वरणासाठी ओरडतायत आणि तुम्ही बुंदीत गुंतला आहात. मी वरणाचं बगुणं उचलते. एकटी. चार पावलं टाकते, लोक "अरे वा" म्हणतात, आणि मी तुमच्याकडं बघते. तुम्ही झारा टाकून येता, बगुणं माझ्या हातातून काढून घेता आणि सगळ्यांसमोर म्हणता, "उचलता येतंय म्हनून उचलायचं नसतंय. ह्याच कमरेवर जन्मभर भाकर खायचीय." मला वाटलं होतं शाबासकी मिळेल. दिवसभर बोलले नाही तुमच्याशी. संध्याकाळी तुम्ही द्रोणात गरम बुंदी आणून दिलीत, तीसुद्धा घेतली नाही. म्हणजे घेतली, पण तुमच्याकडं न बघता खाल्ली.

पूर्णेचीला मी तेच सांगितलं, तुमच्याच शब्दांत. ती फुगली. मला त्या फुगण्याची ओळख होती म्हणून मी तिला बुंदी दिली नाही, रसवंतीवर नेलं. मालकांना म्हटलं, मशीन मी घेणार, माझ्या पसंतीची घेणार, आणि पहिल्याच लग्नात तुमचा हॉल चकाचक नाही झाला तर नांदेडवाल्यांना बोलवा. म्हणताना आवाज मोठा निघाला.

दुकानात मी बोरीचीला बरोबर घेऊन गेले. ती यायला तयार नव्हती. "मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हटलं, "तुलाच वापरायचीय, मग तूच बघ." दुकानदार भला माणूस निघाला, पण त्याला पॉवरचं वेड. ही इतकी ओढते, ती तितकी ओढते. मी म्हटलं, "भाऊ, एक मिनिट. ही धरून बघू द्या." आणि मी तुमच्यासारखं केलं. तुम्हाला आठवतं का, बगुण्याच्या भांडणानंतर तुम्ही मला ताडकळसच्या बाजारात लोहाराकडं नेलं होतं, माझ्या हाताला बेताचा झारा घ्यायला. लोहारानं चार-पाच पुढं ठेवले. तुम्ही म्हणालात, "हात लांब करून धर. आता माझ्यासंग बोल." आणि तुम्ही मला शाळेचं, मैत्रिणींचं, मांजरीच्या पिलांचं विचारत बसलात. एकेका झाऱ्याला माझा हात खाली यायचा आणि तुम्ही म्हणायचात, दुसरा. शेवटी एक असा आला की मांजरीची तिन्ही पिलं सांगून झाली, शेजारणीचं भांडण सांगून झालं तरी हात जागेवर. तुम्ही लोहाराला म्हणालात, "हाच. लेकीला ह्याच्यात वजनच लागंना."

तर मी मशीनची नळी हात लांब करून धरली आणि दुकानदाराला विचारलं, "मुलं किती तुम्हाला?" तो गोंधळला. "दोन मुली." "थोरली काय करते?" पहिल्या मशीनला थोरलीचं शिक्षण संपायच्या आत माझ्या मनगटाचा जीव गेला. दुसऱ्या मशीनला धाकटीपर्यंत पोचले. तोपर्यंत त्याला खेळ कळला आणि तो पण रंगात आला. एक बिनवायरची काढली, इतकी हलकी की बोरीची म्हणाली, "ही तर भाताच्या चमच्याएवढी हाय." पण त्यानंच खरं सांगितलं, "घरच्यासाठी ठीक हाय. हॉलमध्ये अर्ध्यात बॅटरी संपंल, आन् डबा एवढासा, सारखा रिकामा करावा लागंल. तुमचं धंद्याचं काम हाय." मग तो आत गेला आणि वरच्या फळीवरून पाठीवर अडकवायची काढून आणली. दप्तरासारखी. लांब वायर, आत कापडी पिशवी, खांद्याला दोन पट्टे आणि कमरेला एक. म्हणाला, ओझं खांद्यावर नाही, कमरेच्या पट्ट्यावर यायला पाहिजे, तो नीट आवळायचा. मी घेणार तेवढ्यात बोरीचीनं हात पुढं केला. "दे इकडं. लेकरं पाठीला बांधून रानात गेलेय मी."

ती मशीन पाठीवर घेऊन उभी राहिली, नळी पुढं धरली आणि बोलायला लागली. पहिल्यांदा शेळीचं बाळंतपण. मग सुनेचं माहेर. मग दिराच्या वाटणीचा वाद पहिल्यापासून. दुकानदारानं चहा मागवला. चहा आला, पिऊन झाला, ती उभीच. शेजारच्या दुकानातले दोघे येऊन ऐकायला लागले. शेवटी मीच म्हटलं, "अगं, लागतंय का वजन?" ती थांबली, आठवल्यासारखं करून मागं हात लावला आणि म्हणाली, "हाय व्हय ही पाठीवर?"

मालकांना मात्र ती बघून धक्का बसला. "एवढीशी? बाई, हे खेळनं हाय का मशीन?" मी पहिल्या लग्नाची तारीख विचारून घेतली. लग्न मोठं होतं, दोन्हीकडची मंडळी हौशी. दुपारी वर गेलो तर लाल गालिचा दिसतच नव्हता, पिवळ्या तांदळाखाली गेला होता. बोरीचीनं पट्टा आवळला आणि सुरुवात केली. पूर्णेची पुढून खुर्च्या सरकवत होती, मी वायर सांभाळत होते. पहिली रांग साफ झाली, दुसरी झाली, आणि स्टेजजवळ मशीनचा आवाज एकदम बारीक झाला. ओढच संपली. नेमके त्याच वेळी मालक जिन्यात. बोरीचीनं खटका बंद केला. "मी मोडली का गं?" पूर्णेचीनं नळी सोडवली, एका तोंडातून डोकावली आणि आत बोट घालून ओढायला लागली. एक मोत्याची सर निघाली. मग आणखी निघाली. ओढतेय, ओढतेय, संपेचना. नवरदेवाची आख्खी मुंडावळी, मागं झेंडूचं फूल अडकलेलं. मालक दारात येऊन बघत होते. पूर्णेची त्यांना म्हणाली, "मालक, नवरदेव आत राह्यला का बघा बरं." ते इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं.

नळी लावली, मशीन पुन्हा ओढायला लागली. स्टेजच्या पायऱ्या, कोपरे, खांबामागचं, सगळं. बोरीची जिन्यावरसुद्धा तशीच पाठीवर घेऊन झाडत उतरली, कुणाला धरायला लागलं नाही. मालकांनी वाकून गालिच्यावर तळहात फिरवला, उलटा करून बघितला आणि म्हणाले, "जेवलात का?" एवढंच. नांदेडचं नाव पुन्हा निघालं नाही. बोरीचीनं पिशवीतल्या अक्षता एका पाटीत ओतल्या, कोंबड्यांना नेते म्हणाली. रंगवलेल्या आहेत गं, असं मी म्हटलं तर म्हणे, "मग रंगीत अंडी देतील."

इतक्या वर्षांत त्या कार्यालयात आम्ही कधी बसून गरम जेवलो नव्हतो. आवरेपर्यंत नेहमी गार वरण आणि तळाचा भात. त्या दिवशी अजून दुपार शिल्लक होती. आचाऱ्यानं खालून हाक मारली, "बायांनो, संध्याकाळची भाजी उतरवली, या, पानं वाढलीत." वसमतकडचा आहे, नवीन. आम्ही तिघी पाहुण्यांसारख्या टेबलावर बसलो. समोर वाफाळतं वरण, पुऱ्या आणि वांग्याची भाजी. काळा मसाला, दाण्याचा कूट, वांगं अख्खं पण बोट लावलं की फुटणारं.

हे पत्र टाकायला तसाही पत्ता नाही. असता तरी टाकलं नसतं. लोक तुमच्या वांग्याच्या भाजीसाठी लग्नाच्या तारखा बदलायचे, आणि तशी भाजी जगात कुणाला जमणार नाही असं मीच गावभर सांगत आले. अण्णा, त्या माणसाची तुमच्यापेक्षा चांगली झाली होती. मी दोनदा मागून घेतली.