दहापैकी दोन

दि. ४ मार्च

चि. धाकटोबास, अनेक आशीर्वाद.

आईचं पत्र मिळालं. कंबर आता दहापैकी दोनच दुखते म्हणे! माझ्याकडे नऊ वर्षं ती रोज आठ सांगत आली. दवाखान्यातून आले की चपला काढायच्या आधी मी आकडा विचारते, आणि बाई आठाखाली कधी उतरली नाही. व्यायाम, शेक, गोळ्या बदलून बघणं, सगळं मी केलं. आणि तुझ्याकडे महिन्याभरात दोन!

खरं सांगते, माझा नुसता जळफळाट झाला. जुनं दुखणं जात नाही, सांभाळावं लागतं, हे मी पेशंटांना घसा कोरडा होईतो समजावते. मग आईनेच मला खोटं पाडावं? तू भलत्या गोळ्या तर देत नाहीस ना? परत कधी येणार, तेही ती लिहीत नाही. लाडोबा, काय दिलंस ते स्पष्ट कळव.

लोभ आहेच, तूर्त जरा आंबट आहे.

तुझी ताई

दि. ११ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

काही दिलं नाही. गोळ्या तुझ्याच चालू आहेत. काल स्वयंपाकघरात डोकावलो, तर ती ओटा धरून, डोळे मिटून उभी होती. माझी चाहूल लागताच हसत वळली आणि चहा घेणार का म्हणाली. फार खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली की मी लहानपणापासूनचा घाबरट, मला दोनच झेपतात. आठ ती ताईला सांगेल. ताई निदान तेवढ्यापुरती शेजारी टेकते.

ताई, मीही डॉक्टर आहे गं. दिवसभर परकी माणसं माझ्यापुढे आपली दुखणी मोकळी करतात, आणि सख्खी आई मला पाहुण्यासारखं हसून दाखवते. तुझ्या त्या आठाचा मला फार हेवा वाटतो. पुढच्या आठवड्यात ती तिकडे यायचं म्हणतेय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

धाकटा

दि. १६ मार्च

चि. धाकटोबास, अनेक आशीर्वाद.

शहाण्या, हेवा करायला भलतीच गोष्ट निवडलीस. तेवढ्यापुरती टेकते, हे काही घशाखाली उतरेना. आणि माझी चाहूल लागली की ती कण्हते. हसत वळलेली मला आठवतच नाही.

तिला एकटीला पाठवू नकोस, रविवारी मीच न्यायला येते. तिला सांगू नकोस. दार नुसतं लोटून ठेव. मागून पावलं वाजली की तिला तूच वाटशील आणि ती हसत वळेल. तेवढं एकदा मला बघू दे. मग शेजारी बसेन, आकडा न विचारता. तूही बस.

तुझी,
जळकी ताई