दोन मीटर

पुणे, १४ ऑगस्ट २००६

ती. बाबांस,
वर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

विज्ञान पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाचे प्रात्यक्षिक ठरले. मालवणात येणाऱ्या वर्तमानपत्रात दर शुक्रवारी समुद्राची सूचना मी लिहिणार. मर्यादा साठ शब्दांची. वर गेले की गुण कापतात. आकडे सरकारी, भाषा माझी. होडी काढताना दाजीकाका पाण्याचा रंग बघून सांगतात त्यापेक्षा आकड्यांवर चाला. ते हसतील, हसू देत.

गुडघ्याला तेल लावता ना? आईस नमस्कार, संचितास आशीर्वाद. माया आहेच, ती वाढू द्यावी.

आपली,
वर्षाली


मालवण, ३० ऑगस्ट २००६

ती. ताईस,
संचिताचा सा. न. वि. वि.

फोनवर आई तुझ्याशी बोलली नाही, म्हणून लिहिते. शुक्रवारी सकाळी दाजीकाकांनी बाबांना किनाऱ्यावर अडवले होते. पाण्याला करंट आहे, आज होडी नको, म्हणाले. बाबांनी खिशातून तुझी सूचना काढली. लाटा दोन मीटर. एवढ्यात ते नेहमीच जात. समुद्र पुण्याला कधी गेला, असे दाजीकाकांनी चिडवले. तर बाबा तुझ्याबद्दल म्हणाले, "माझ्या चेडवान लिवल्यान, तां खोटा कसा आसतला?"

होडी उलटली ती लाट दाजीकाकांनी पाहिली. दोन पुरुष उंच होती म्हणतात. बाबा दुसऱ्या दिवशी देवबागच्या किनाऱ्यावर सापडले. सुतकामुळे आपला गणपती मूर्तिकाराच्या शाळेतच राहिला, घरी आणला नाही.

आई सगळ्यांना सांगते, छापणाऱ्याने आकडा चुकवला. तू तेवढे लिहून पाठव, मग बाराव्याला ये, म्हणते. नाहीतर तोंड दाखवू नको म्हणते. ताई, एकच ओळ लिही. एवढी माया कर.

तुझी,
संचिता


पुणे, २ सप्टेंबर २००६

चि. संचितास अनेक आशीर्वाद.

छपाई बिनचूक होती. दोन मीटर ही सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट जवळजवळ दुप्पट येते. हे वाक्य मी लिहिले होते. सूचना एकाहत्तर शब्दांची झाली, म्हणून मीच ते काढले. त्या आठवड्यात मला पूर्ण गुण आहेत.

दाजीकाकांचे बरोबर होते, हे त्यांना कळव.

आईला सरासरी कळणार नाही. तिला असे सांग: "ताईक म्हायत होतां, पण तिना लिवूक नाय." एवढेच सांग, मऊ करू नकोस.

बाराव्याला येत नाही. लोभ मागत नाही.

वर्षाली